स्वयंपाकाच्या गॅसवर उणे ८०? त्या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस फ्रिज-एसीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर घ्या, त्यात घरच्या सिलिंडरचा गॅस भरा, थर्माकोलचा डबा करा, की पंधरा हजारांत उणे ८० अंशांचा फ्रिज तयार. लाखांत विकणाऱ्या कंपन्या नुसत्या लुटतात. सोबत व्हिडिओ, त्यात लाल आकड्यांत उणे ८३. माझ्याकडे काम शिकणारा पोरगा तो दाखवून म्हणाला, "दादा, आपणही करून पाहू ना." त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो. नागपुरात हे करायला बसलेले पोट्टे अजून असतील आणि मला त्यांची खरोखर काळजी वाटते.

घरच्या घरी उणे ८० गाठता येतं, हे मी आधीच मान्य करतो. मेसेजमधल्या रस्त्याने नाही.

मेसेज म्हणतो, "गॅस उणे ४२ लाच उकळतो, अर्धं काम तिथेच झालं." उणे ४२ हा शुद्ध प्रोपेनचा आकडा. स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये प्रोपेन-ब्युटेनचं मिश्रण असतं आणि ब्युटेन शून्याच्या जेमतेम खाली उकळतो. बरं, शुद्ध प्रोपेन मिळाला असं धरू. तो उणे ८० ला उकळावा म्हणून सक्शनचा, म्हणजे कॉम्प्रेसर गॅस ओढतो त्या बाजूचा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे एक अष्टमांशावर आणावा लागतो. दुसऱ्या टोकाला आपला मे महिना. २०१३ साली इथे ४७.९ अंश नोंदले गेलेत. कंडेन्सरवर (फ्रिजमागच्या गरम होणाऱ्या जाळीवर) ४५ अंशांची हवा आली की आतला गॅस ५५ च्या आसपास द्रवरूप होतो आणि तिथला दाब १९ बार, हवेच्या दाबाच्या साधारण १९ पट. म्हणजे एका कॉम्प्रेसरने गॅस जवळपास दीडशे पट दाबायचा. घरगुती फ्रिजचा कॉम्प्रेसर दहा-बारा पटींसाठी बनवलेला असतो.

मी हे एकदा करून पाहिलंय, शुद्ध आर-२९० (फ्रिजसाठीचा प्रोपेन) भरून, ऐन मे महिन्यात. आतली थंड होणारी कॉईल उणे ३८ वर जाऊन अडकली. सक्शनच्या नळीवर पांढरा बर्फ, आणि वीतभर अंतरावर डिस्चार्जची (दाबलेला गॅस बाहेर पडतो ती) नळी इतकी तापलेली की पाण्याचा थेंब पडला तर चुर्र करून उडायचा. वीस मिनिटांत ओव्हरलोडने, म्हणजे जास्त तापल्यावर वीज तोडणाऱ्या स्विचने, कॉम्प्रेसर बंद पाडला. नंतर नळी कापली तर तेल काळं पडलेलं.

आणि यातला धोका मेसेजमध्ये कुठेच नाही. सक्शन हवेच्या दाबाखाली गेलं की बारीकशा लीकेजमधून गॅस बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत ओढली जाते. प्रोपेन, हवा आणि तापलेला कॉम्प्रेसर एकाच बंद डब्यात. कुणाच्या घरात, गच्चीवर, दुकानात, कुठेच हे व्हायला नको.

खरा रस्ता कॅस्केडचा, म्हणजे एका गॅसच्या थंडीने दुसरा गॅस गार करत खाली उतरण्याचा. राउल पिक्ते या स्विस शास्त्रज्ञाने १८७७ मध्ये हाच धरला होता: सल्फर डायऑक्साइडच्या थंडीने कार्बन डायऑक्साइड द्रवरूप केला आणि त्याच्या थंडीने दाबाखालचा ऑक्सिजन गार केला. आजच्या प्रयोगशाळांतल्या बहुतेक फ्रिजमध्येही दोन स्वतंत्र सर्किटं असतात. पहिलं उणे ३५-४० पर्यंत उतरतं, त्या थंडीत दुसऱ्याचा गॅस द्रवरूप होतो. दुसऱ्यात इथेन भरतात (उणे ८८.६ ला उकळणारा) किंवा तसाच दुसरा. पण ३२.२ अंशांच्या वर इथेन कितीही दाबला तरी द्रवरूप होत नाही. म्हणजे लाइट गेली, डबा तापला, की दुसऱ्या सर्किटातला सगळा द्रव गॅस होऊन दाब चढत जातो. म्हणून त्यासाठी वेगळी रिकामी टाकी जोडावीच लागते. व्हिडिओत ना दुसरं सर्किट, ना टाकी. कॉम्प्रेसरचं तेल गॅसपासून वेगळं करायची सोयही नाही, आणि इतक्या थंडीत तेल घट्ट होऊन कॅपिलरी (द्रव जिच्यातून जातो ती बारीक नळी) चोक होते.

थर्माकोलचं लवकर आटोपतो. २०० लिटरच्या डब्याला ५ सेंटिमीटर पफ (फ्रिजच्या भिंतींत भरतात तो फोम) लावलं तरी बाहेर ४५ आणि आत उणे ८० असताना नुसत्या भिंतींतून सव्वाशे वॅटच्या आसपास उष्णता आत येते. थर्माकोल त्याहून कमजोर, वर सांध्यांतून ओलावा शिरून बर्फ धरतो. कंपन्यांचे भाव मलाही जड वाटतात, पण त्या पैशांत दोन कॉम्प्रेसर आणि दुप्पट-अडीचपट जाडीचं पफ येतं.

मग उणे ८३ आलं कुठून? व्हिडिओ थांबवून पाहा. वायरच्या टोकाला स्टीलच्या नळीतला सेन्सर आहे. आमच्याकडे त्या रूपात मिळतो तो डीएस१८बी२०, आणि तो उणे ५५ पर्यंतच मोजतो. २०२४ च्या मे अखेरीस नागपुरात ५६ अंशांची बातमी झाली होती, ती सेन्सरच्याच बिघाडाने. पोराने त्याच्याकडचा डीएस१८बी२० सेन्सर आणि माझा के-टाइप थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांचा, याहून बराच खाली मोजणारा सेन्सर), दोन्ही ड्राय आइस आणि अल्कोहोलच्या काल्यात बुडवले. तिथे उणे ७८ च्या जवळपास यायला हवं. थर्मोकपल उणे ७७ वर स्थिर झाला. सेन्सरचे आकडे उणे ५५ च्या पुढे वाटेल तसे उड्या मारत होते. पोराने दोन्ही डिस्प्लेंचा एकत्र फोटो काढला आणि त्याच ग्रुपवर टाकला.