दहा हजार किलोमीटरवरचा शेजारी

"सोळा-सतरा लाखांसाठी कोनी दहा वर्षं कोर्टात जाते काय बे?" बंडूने खर्रा घोटता घोटता विचारलं आणि चंद्रपूरच्या जटपुरा गेटजवळचा आमचा कट्टा पेटला.

विषय वकिलाने काढला होता. पेरू देशात हुआराझ नावाचं गाव आहे, तिथला शेतकरी साउल लुसियानो ल्युया. शेती करतो, जोडीला डोंगर चढायला येणाऱ्यांचा गाइड. या गड्याने 2015 साली थेट जर्मनीत जाऊन आरडब्ल्यूई या वीज कंपनीवर दावा लावला. या कंपनीने पेरूत कधी वीज तयार केलेली नाही. त्याचं म्हणणं एवढंच, की तुमच्या धुराने जग तापलं, माझ्या गावावरची हिमनदी वितळली, खालचं तळं फुगलं. आता पुरापासून बचावासाठी जो खर्च येईल, त्यात तुमचा वाटा टाका. वाटा किती, तर 0.47 टक्के. सुमारे 17 हजार युरो, म्हणजे आपले ते सोळा-सतरा लाख रुपये.

"0.47 कुठून काढला त्यानं?" बंडू थर्मलला, म्हणजे इथल्या कोळशावरच्या वीज केंद्रात आहे, त्यामुळे आकड्यावर तो लगेच अडतो.

"उद्योग सुरू झाले तेव्हापासून कोणत्या कंपनीने किती कोळसा-तेल काढलं, जाळलं, याचा हिशोब अभ्यासकांनी मांडलाय," भूगोलवाल्या मॅडम म्हणाल्या. "त्यात या कंपनीच्या नावावर तेवढा आला."

"बरोबर हाय. आमच्याकडे बी शिफ्टच्या शिफ्टला कोळसा किती गेला ते लिहून रायते," बंडू म्हणाला. एरवी कोळशाविरुद्ध कोणी बोललं की हा खवळतो, आज मात्र हिशोब त्याला पटलेला दिसला.

मॅडमनी मोबाइलवर त्या तळ्याचा फोटो दाखवला. पाल्काकोचा, साडेचार हजार मीटर उंचीवर. निळंहिरवं पाणी, वर बर्फाचा कडा, आणि बांधावरून खाली लोंबणारे काळे पाइप. सायफनने पाणी ओढून पातळी खाली ठेवतात ते हेच. तिथे चौकीदार राहतात आणि वायरलेसवरून खाली खबर देतात. 1941 मध्ये हेच तळं फुटलं, तेव्हा हुआराझमध्ये हजारोंनी माणसं गेली. फुटल्यावर तळ्यात जेमतेम पाच लाख घनमीटर पाणी उरलं होतं, पुढे ते दीड कोटीच्या वर गेलं. फोटो पाहून गुड्डूसुद्धा गप्प झाला, आणि गुड्डू गप्प होणं ही बातमीच. त्याचे कोळशाचे ट्रक आहेत.

मग वकिलाने खटला सांगितला. एसेनच्या कोर्टाने 2016 मध्ये दावा फेटाळला, पण हाम्मच्या वरच्या कोर्टाने 2017 मध्ये पुरावे तपासायचं ठरवलं. 2022 मध्ये न्यायाधीश आणि तज्ज्ञ स्वतः पेरूत जाऊन तळं बघून आले. दाव्याचा आधार म्हणजे जर्मन दिवाणी कायद्याचं 1004 कलम. आपल्या मालमत्तेला दुसऱ्याकडून उपद्रव होत असेल, तर तो थांबवायला लावायचं कलम.

"म्हणजे शेजाऱ्याच्या मोरीचं पाणी माह्या अंगणात आलं, तसं?"

"तसंच. फक्त मोरी जर्मनीत आणि अंगण पेरूत."

निकाल 28 मे 2025 ला लागला. दावा फेटाळला. येत्या तीस वर्षांत पुराचं पाणी साउलच्या घरापर्यंत पोचण्याची शक्यता तज्ज्ञाने एक टक्का धरली, आणि पोचलंच तर पाणी अगदी उथळ असेल. वरचे कडे गोठलेले राहिल्याने टिकून आहेत आणि उष्णतेने तेच सैल होताहेत, हे या हिशोबात नीट धरलं नाही, ही वादीची तक्रार. मला ती रास्त वाटते. पण त्याच निकालात कोर्टाने हेही म्हटलं, की अंतर जास्त आहे म्हणून दावा उडवता येणार नाही. सरकारी परवाना होता म्हणून कंपनी सुटत नाही. धोका खरा ठरला, तर वाट्याप्रमाणे खर्च मागता येतो. माझ्या मते हरलेल्या खटल्यातली ही कमाई सतरा हजार युरोंहून कितीतरी मोठी आहे.

"लय खुश नको होऊ," मॅडम मला म्हणाल्या. "कंपन्यांच्या धुराचा तो हिशोब आहे ना, त्याच यादीत कोल इंडिया आहे. बरीच वर."

म्हणजे आपली वेकोलि, कोल इंडियाचीच इथली खाण कंपनी. कट्ट्यावर दोन मिनिटं नुसता गोंधळ.

"ना बाप्पा!" बंडू उसळला. "त्याईनं शंभर वर्षं जाळलं, श्रीमंत झाले. आपन आत्ता कुठं पंखे लावून रायलो. आन् हितली वीज जाते मुंबई-पुन्याले, राख रायते आमच्याले. 2,920 मेगावॅट! मग वाटा कोनाचा, जाळनाऱ्याचा का वापरनाऱ्याचा?"

प्रश्न बिनतोड होता.

वकील म्हणाला, आपल्याकडेही दार किलकिलं झालंय. 2024 मध्ये माळढोकाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क घटनेच्या 14 आणि 21 कलमांत मानला. गंमत अशी, की त्याच निकालात सौरऊर्जेच्या तारांसाठी माळढोकाचं संरक्षण थोडं सैलही केलं.

"मंजे पाखरू हरलं, मानूस जिंकला?"

"माणूस अजून कोर्टात जायचाय."

"पेरूवाल्याचं अपील?"

"परवानगीच दिली नाही. पण सिंधमधल्या शेतकऱ्यांनी 2022 च्या पुराबद्दल त्याच कंपनीला नोटीस धाडलीय. सोबत जर्मनीच्याच एका सिमेंट कंपनीलाही."

"सिमेंटवाल्याईले बी?" गुड्डू ताडकन उठला. त्याचे दोन ट्रक सध्या सिमेंट कारखान्यालाच कोळसा टाकताहेत.