अप्पा जुळले म्हणून कोरिया सोयरा होत नाही

भावकीच्या ग्रुपवर महिनाभरात तिसऱ्यांदा तोच मेसेज आलाय: कोरियन आणि तमिळमध्ये शेकडो शब्द सारखे, दोन्हीकडं अप्पा, दोन्हीकडं क्रियापद शेवटी, शिवाय भारतातली राजकन्या कोरियाची राणी झाली, म्हणजे भाषा आपल्याकडूनच तिकडं गेली. निलंग्याकडं घरोघरी अप्पा असतात, त्यामुळं सगळे हरखलेत.

अप्पांचंच आधी घेऊ. लेकराच्या ओठांना म, प, ब लवकर जमतात, आणि आपल्यालाच हाक मारली असं आईबाप धरून चालतात. जगभर हेच. जॉर्जियन भाषेत तर 'मामा' म्हणजे बाप आणि 'देदा' म्हणजे आई. आता आपल्या मामानं कुठं बसायचं?

क्रियापद तर 'मी भाकर खाल्ली' यातही शेवटीच आहे. तुर्की, जपानी, बास्क, पेरूतली क्वेचुआ, सगळ्यांचं तसंच.

राणीची गोष्ट येते 'सामगुक युसा' या १३व्या शतकातल्या ग्रंथात, आणि प्रसंग सांगतात इ.स. ४८चा. बरं, खरी धरली तरी एका सुनेनं अख्ख्या गावाची बोली बदललेली मी तरी पाहिली नाही.

उरली यादी. कोरियन 'ना' म्हणजे मी, तमिळ 'नान' म्हणजेही मी, हे खरं. पण हजारो शब्दांतले जुळतील तेवढेच उचलले तर कुठल्याही दोन भाषांची यादी होते. ऑस्ट्रेलियातल्या म्बाबाराम भाषेत कुत्र्याला 'डॉग' म्हणत, इंग्रजीशी काडीचा संबंध नसताना. नातं कसं ओळखायचं ते उदगीरच्या बाजारात कळेल. दुधाला तेलुगूत पालु, कानडीत हालु. साप: पामु, हावु. वाघ: पुलि, हुलि. फळ: पंडु, हण्णु. तिकडं प, इकडं ह, ओळीनं. आणि जुन्या कानडी शिलालेखांत त्या जागी 'प'च सापडतो. मेसेजमधल्या यादीत असा एक तरी नियम आहे का?

नातं नाही, नुसता संपर्क होता म्हणाल, तर उसने शब्द वस्तूच्या, धंद्याच्या मागं येतात. आपल्या अडकित्त्यात कानडी 'अडके', म्हणजे सुपारी, बसलीय. तुर्कस्तानात बोगाझकोयला सापडलेल्या, सुमारे ३४०० वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्यांवर मितान्नी या जुन्या राज्यातला किक्कुली नावाचा माणूस घोडे कसे तयार करायचे ते तिथल्या जुन्या हित्ती भाषेत सांगतो. फेऱ्या मोजताना मात्र म्हणतो ऐक, तेर, पंज, सत्त, म्हणजे आपलेच एक, तीन, पाच, सात; घोड्यांच्या धंद्यामागं आलेले उसने शब्द. कोरियन भाषेतला असा एक अडकित्ता दाखवा, मेसेज मीच पुढं पाठवतो.