चाक अडकलं की विमान पाण्यात उतरवा, म्हणे!

आमच्या घरच्या ग्रुपवर परवा तोच मेसेज पुन्हा आला. वर मथळा ‘छोट्या विमानाचं चाक उघडलं नाही तर?’, खाली आठ मुद्दे आणि शेवटी ‘कोणाचा तरी जीव वाचेल, पुढे पाठवा’. आत्येभावाने पाठवला होता, त्याखाली सगळ्यांनी हात जोडून ठेवले होते. मी बावीस वर्षं छोट्या विमानांच्या चाकांखाली, अक्षरशः खाली, आडवं पडून काढली आहेत. हँगरमध्ये विमान जॅकवर चढवायचं आणि चाकं आत-बाहेर करून बघायची, हे माझं काम. त्यामुळे गप्प बसवलं नाही.

‘चाक उघडलं नाही की पायलटच्या हातात दोन-तीन मिनिटंच असतात.’

मेसेजमधली सगळ्यात मोठी चूक ही, बाकीच्या बहुतेक हिच्याच पोटातून निघाल्या आहेत. चाकं आत असताना विमान उलट जास्त सुखाने उडतं, कारण हवेचा अडथळा कमी होतो. त्यासाठीच तर ती आत घ्यायचा एवढा खटाटोप. (सेसना १७२ची चाकं बहुतेक कायम बाहेरच असतात. ज्यांची मुलं तिच्यावर शिकतायत त्यांनी ही काळजी इथेच सोडावी.) पायपर ॲरोसारखं चार आसनी विमान ताशी साधारण ३५-४० लिटर पेट्रोल पितं. टाकीत दोन तासांचं पेट्रोल असेल, तर विचार करायला जवळजवळ तेवढाच वेळ आहे. टॉवरला सांगायचं, गर्दीतून बाहेर पडून उंची घ्यायची, विमान सरळ उडत ठेवायचं आणि मग चेकलिस्ट काढायची.

आणि चेकलिस्टमध्ये आधी काय येतं? बहुतेकदा अगदी किरकोळ गोष्टी. तिन्ही चाकं खाली येऊन कुलूपबंद झाली की तीन हिरवे दिवे लागतात. दोनच लागले तर चाक अडकलं असेल, नाहीतर नुसता बल्ब गेला असेल. ॲरोमध्ये बल्ब काढून अदलाबदल करता येतात, दहा सेकंदांचं काम. त्यातून बऱ्याच ॲरोंमध्ये पॅनेलचे दिवे चालू असले की हे हिरवे दिवे आपोआप मंद होतात, रात्री डोळे दिपू नयेत म्हणून. भर दुपारी पॅनेलचा दिवा चुकून चालू राहिला की मंद हिरवा दिवासुद्धा दिसत नाही. असा घामाघूम होऊन उतरलेला एक विद्यार्थी माझ्याकडे ‘चाकांचा गिअर खराब आहे’ म्हणून आला होता. मी फक्त एक खटका फिरवला. पोरगं बिचारं आठवडाभर माझ्याशी नजर मिळवत नव्हतं.

दिवे ठीक असतील तर सर्किट ब्रेकर उडालाय का ते बघायचं. तरीही चाक येत नसेल, तर प्रत्येक विमानाला दुसरी वाट दिलेली असते. ॲरोची चाकं वर धरून ठेवतो तो तेलाचा दाब. वेग कमी करून दाब सोडून दिला की चाकं स्वतःच्या वजनाने खाली येतात. सेसना १७२च्या चाकं आत घेणाऱ्या जातभाईत हातपंप असतो. जुन्या बोनान्झा विमानात पुढच्या सीटमागे हँडल असतं, ते जवळजवळ पन्नास वेळा फिरवावं लागतं. विहिरीवरच्या रहाटाची आठवण येते.

चाकाच्याच नादात माणसं कशी जातात ते बघायचं असेल तर मोठ्या विमानांकडे बघा. २९ डिसेंबर १९७२ला मायामीजवळ ईस्टर्न एअर लाइन्सचं ४०१ क्रमांकाचं विमान उतरत होतं. पुढच्या चाकाचा हिरवा दिवा लागेना. सगळं कॉकपिट त्या एका बल्बमागे लागलं आणि ऑटोपायलटने उंची धरणं सोडलंय हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. विमान दलदलीत गेलं, शंभराहून जास्त माणसं गेली. चाक खाली आलेलंच होतं. दुसरी गोष्ट २८ डिसेंबर १९७८ची. अमेरिकेतच पोर्टलंडला युनायटेड एअरलाइन्सचं १७३ क्रमांकाचं विमान चाकाच्या काळजीत जवळजवळ तासभर घिरट्या घालत राहिलं, इंधन संपलं आणि ते वस्तीत कोसळलं. दहा जण गेले. तिथेही मुख्य चाकं खालीच होती. म्हणजे वेळ असतो, पण एकाने घड्याळ आणि पेट्रोलच्या काट्याकडे बघत राहायचं असतं, आणि विमान उडवत राहायचं असतं.

‘खाली सूर मारून जोरात झटका द्यावा, चाक सुटतं.’ हे मात्र हवेतून काढलेलं नाही. अमेरिकेच्या विमान नियामकाच्या, म्हणजे एफएएच्या, पुस्तिकेत ही युक्ती होती, पण शांत हवेत, विमानाच्या मर्यादेत, आणि बाकी सगळे उपाय थकल्यावर. मेसेजने ती पहिल्या नंबरावर टाकली आहे. चाळीस वर्षं जुन्या पंखांना झटके देण्याआधी मला एक फोन करा.

‘टॉवरजवळून उडालं की ते बघून सांगतात चाक ठीक आहे का.’ ते एवढंच सांगू शकतात की चाक बाहेर दिसतंय. कुलूप लागलंय की नाही, ते दुर्बिणीतून दिसत नाही.

‘सगळं पेट्रोल हवेत सोडून द्यावं.’ छोट्या विमानात तशी सोयच नसते, जाळूनच कमी करायचं.

‘शक्यतो पाण्यात, नाहीतर शेतात उतरावं, मऊ लागतं.’ मऊ कोणाला? ताशी शंभर किलोमीटरला पाणी मऊ नसतं, आणि वाचलाच तर पुढे पोहायचं आहे. शेतात बांध असतो, चर असतो, विमानाचं नाक त्यात रुततं. गुळगुळीत पक्क्या धावपट्टीवर पोट घासत विमान सरळ सरकत जातं, आणि बंब, रुग्णवाहिका तिथेच उभ्या असतात. ठिणग्या उडतात, हे खरं. पण अशा लँडिंगनंतर हँगरला आलेली विमानं मी पाहिली आहेत: पोटाचा पत्रा घासलेला, अँटेना गायब, पंखा वाकडा, आणि आतली माणसं चहा पीत उभी.

पंख्यावरून आठवलं. मेसेज म्हणतो, ‘हुशार पायलट उतरण्याआधी इंजिन बंद करून पंखा आडवा करतो, लाखो वाचतात.’ पंखा फिरत असताना जमिनीला लागला की इंजिन उघडून तपासावंच लागतं, खर्च मोठाच येतो. पण तो वाचवण्यासाठी हवेतच इंजिन बंद केलं, तर अंदाज चुकल्यावर पुन्हा वर जायचा रस्ता बंद. पंखा तीन पात्यांचा असेल तर आडवा करूनही एक पातं खाली राहतंच. पैसे विमा कंपनीचे जाऊ देत.

शेवटी धावपट्टीवर टाकायचा आग विझवणारा फेस. ‘नागपूरच्या विमानातले लोक फेसामुळेच वाचले.’ मे २०२१ मध्ये नागपूरहून निघालेल्या किंग एअर सी-९० या हवाई रुग्णवाहिकेचं एक चाक उड्डाण करतानाच निखळून पडलं. रात्री मुंबईत धावपट्टीवर फेस टाकला, विमान पोटावर उतरवलं, पाचही जण सुखरूप. फेस होता, मान्य. पण ‘फेसामुळेच’ हे कोणी ठरवलं? उरलेल्या चाकांवर उतरलं असतं तर विमान एका बाजूला ओढलं जायची भीती होती. सगळी चाकं आत ठेवून सरळ पोटावर उतरणं, मुंबईसारखी लांब धावपट्टी निवडणं, आणि पंख सपाट ठेवणं, ही खरी कामगिरी. एफएएने धावपट्टीवर फेस पसरायची शिफारस १९८७मध्येच मागे घेतली. पसरलेला फेस वाहून जातो, सुकतो, आणि आग लागलीच तर बंबात कमी पडू शकतो. महाराष्ट्रातल्या छोट्या धावपट्ट्यांवर तर एवढा फेस आणणार कुठून?

राहिलं ‘प्रवाशांनी मागे सरकून बसावं’. चार आसनी विमानात सरकणार कुठे? आणि न सांगता वजन हलवलं तर पायलटच्या हातातलं विमान बिघडतं. तुम्ही बाजूच्या सीटवर असाल तर पट्टा घट्ट करा, चष्मा आणि पेन खिशातून काढा, आणि पायलटने सांगितलं की टेकण्याआधी दाराची कडी सोडून ठेवा. चौकट वाकली तर बंद दार नंतर उघडत नाही.