‘होल जुळले की चाक बसलं’ म्हणणाऱ्यांना

सोलापुरातल्या गॅरेजवाल्यांच्या आणि इंजिनिअरिंगच्या पोरांच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय. घरी गाडी बांधणाऱ्यांसाठी आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: रिमचे होल स्टडवर (चाकाचे नट ज्यांवर चढतात त्या आट्याच्या दांड्यांवर) बसले म्हणजे चाक बसलं. कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडनी आवळणारा ब्रेकचा भाग) रिमला घासला तर चाकामागं वायसर टाका, नाहीतर कॅलिपरलाच थोडा ग्राइंडर मारा. कॅलिपर डावा-उजवा कसाही चालतो. मोठ्या गाडीचा कॅलिपर लावला की ब्रेक आपोआप सुधारतो. आणि नटाला ऑइल लावून पान्यावर उभं राहा, जन्मात सुटणार नाही.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीजवळ एका शेडमध्ये मी आणि चार पोरं अशीच गाडी बांधतोय. इंग्लंडमध्ये लोटस सेव्हन ही छोटी स्पोर्ट्स कार १९५७ पासून सुट्या भागांत विकली जायची. तिथं कुठल्या हबवर (चाक ज्यावर बसतं त्या फिरत्या भागावर) कुठली रिम हे विकणाऱ्यानं आधीच ठरवलेलं असायचं. आपण हब एका गाडीचा, रिम दुसरीची आणि कॅलिपर तिसरीचा आणतो. हे तिन्ही एकमेकांना जमतात का, याचा हिशेब आपल्याआधी कुणीच केलेला नसतो. म्हणूनच या मेसेजची मला भीती वाटते.

होलांपासून सुरू करतो. चार होलच्या रिमवर समोरासमोरच्या दोन होलांचं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर म्हणजे पीसीडी. स्विफ्ट, होंडा सिटी यांचं १०० मिलिमीटर, फोर्ड फिगोचं १०८. त्यात चूक होणार नाही, कारण चाक चढणारच नाही. घात करतं ते ९८. फियाट उनोचं पीसीडी ९८ आहे, आणि ९८ची रिम १००च्या हबवर थोडं ढकललं की चढते. प्रत्येक होल फक्त एक मिलिमीटर सरकलेलं असतं, त्यामुळे नटही लागतात. पण नटाचा कोन, म्हणजे निमुळतं तोंड, होलाच्या तशाच उतरत्या कडेत नीट बसत नाही, स्टड एका बाजूला ओढला जातो आणि प्रत्येक फेऱ्याला थोडा थोडा वाकतो. होल ‘जुळले’ म्हणताना व्हर्नियर लावून मापलं होतं का, एवढंच विचारा.

मधला बोअर, म्हणजे रिमच्या मधलं मोठं भोक, तेही बघावं लागतं. स्विफ्टच्या हबचं माप ५४.१ मिलिमीटर, तर बाजारातल्या बऱ्याच अलॉय रिमचं ७३.१. कोनाचे नट चाक मध्यावर आणतात हे खरं आहे. पण चाक जमिनीवर टेकवून आवळलं तर ते जिथं टेकलं तिथंच अडकतं आणि मग स्टिअरिंग थरथरतं. ही फट भरायला लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमची रिंग करून घेतली तर चाक हबवर बरोबर मध्यावर बसतं.

आता कॅलिपर घासण्याचं. तेरा इंची रिम सगळ्या आतून सारख्या नसतात. ऑफसेट (रिम हबपासून किती आत-बाहेर बसते ते) आणि स्पोकची पाठ प्रत्येकीची वेगळी. आम्ही मुलांच्या खेळण्यातली क्ले आणली, कॅलिपरच्या पाठीवर आणि वरच्या कडेवर वाटाण्याएवढे गोळे लावले, दोन नटांवर चाक बसवून हातानं एक फेरा दिला आणि काढलं. पाठीवरचा गोळा चेपून पाच मिलिमीटर राहिला होता, तो ठीक. वरच्या कडेवर मात्र दीडच मिलिमीटरचा पापुद्रा उरला, आणि त्यावर रिमच्या आतल्या खरबरीत ओतकामाच्या रेघा उमटल्या होत्या. निदान तीन मिलिमीटर तरी मोकळे हवेत. शिवाय बॅलन्सिंगची चिकटवायची वजनं आतून नेमकी तिथंच लागतात, तेव्हा त्यांची जाडीही धरा. आम्ही ती रिम परत केली.

वायसर टाकायचा सल्ला मोजूनच बघा. बारा मिलिमीटरच्या स्टडवर नट निदान बारा मिलिमीटर चढला पाहिजे. एका फेऱ्याला सव्वा मिलिमीटर चढणाऱ्या आट्यावर ते जवळजवळ दहा फेरे होतात. वायसरचं पाच मिलिमीटरचं पॅकिंग घातलं की त्यातले चार गेले. कॅलिपरला ग्राइंडर मारणं तर त्याहून वाईट. ब्रेक दाबला की कॅलिपरच्या दोन्ही बाजू एकमेकींपासून उघडायला बघतात, सगळा जोर त्यांना जोडणाऱ्या वरच्या पुलावर येतो, आणि रिमला घासतो तोही पूलच. तिथलं एक मिलिमीटरसुद्धा काढू नका.

डावा-उजवा कसाही चालतो, हे वाक्य वाचून मला राग आला, कारण यानं आमची एक अख्खी रात्र खाल्ली. दोन्ही कॅलिपर अदलाबदल होऊनही छान बसले होते, बोल्ट लागले, पॅड लागले. रात्री नऊपासून ब्रेकमधली हवा काढायला घेतली. एक जण पेडलवर, एक जण निपलपाशी (कॅलिपरवरच्या हवा सोडायच्या तोंडापाशी), पारदर्शक नळी बाटलीत. बाटलीत बुडबुडे यायचे थांबले तरी पेडल स्पंजसारखंच. अर्धा लिटर ब्रेक ऑइल संपलं. पहाटे शेजारच्या शेडमधले म्हातारे मिस्त्री आले, खाली वाकले आणि म्हणाले, “हवा वर जाती का खाली, पोरांनो? मग निपल खाली कशाला केलाय?”

एवढंच होतं. कॅलिपर उलट बाजूला लावला की निपल तळाला येतो, आणि पिस्टनच्या वरच्या पोकळीतली हवा तिथून कधीच निघत नाही. “अण्णा, आता बघा,” म्हणत पोरांनी बाजू बदलल्या. पंधरा-वीस मिनिटांत पेडल दगडासारखं झालं. हीच गाडी तशीच बाहेर काढली असती तर? स्पंजसारखं पेडल दोनदा पंप केलं की तात्पुरतं कडक लागतं, आणि माणूस फसतो तो तिथंच.

मोठ्या कॅलिपरबद्दल थोडक्यात: पिस्टन मोठे झाले की तेवढं जास्त ऑइल मास्टर सिलिंडरला ढकलावं लागतं, पेडल खोल जातं. पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोलही बदलतो. थांबायचं अंतर शेवटी टायरची पकड ठरवते.

राहिला पाना. सत्तर किलोचा माणूस चाळीस सेंटिमीटरच्या दांड्यावर उभा राहिला की साधारण पावणेतीनशे न्यूटन-मीटर जोर पडतो. बारा मिलिमीटरच्या स्टडला शंभरच्या आसपास पुरतो. त्यात आट्यांना ऑइल असलं तर घर्षण कमी होऊन स्टड आणखी ताणला जातो. आटे ब्रशनं साफ करा, कोरडे ठेवा, चाक हवेत असताना समोरासमोरचे नट थोडे थोडे आवळा आणि शेवट टॉर्क पान्यानं (ठरवलेला जोर आला की टक असा आवाज करणारा पाना) करा. टॉर्क पाना भाड्यानं आणा, मागून आणा, पण आणा.

आणि पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर परत लावा. आमची गाडी नोंदणीशिवाय रस्त्यावर नेता येत नाही, म्हणून आम्ही ती ओळखीच्यांच्या मोठ्या आवारातच फिरवली. गार झाल्यावर पाना लावला तर सोळापैकी तीन नट आवाज यायच्या आधीच फिरले. तिन्ही एकाच चाकाचे. चाक उतरवलं, तर रिमच्या हबला टेकणाऱ्या पृष्ठभागावरचा पावडर कोटिंगचा (रंगाचा) थर चेपून नटांभोवती गोल उठला होता. तो थर खरवडून उघडा धातू केला, चाक पुन्हा बसवलं, आणि पुढच्या फेरीनंतर एकही नट हलला नाही.