चकाकी हा चिनी कांस्य शस्त्राच्या अस्सलपणाचा पुरावा नाही

‘दोन हजार वर्षांपूर्वी चिनी कारागिरांना क्रोमचा मुलामा देता येत होता, म्हणून शिआन शहराजवळ प्राचीन चिनी सम्राटाच्या थडग्यापाशी पुरलेल्या मातीच्या पुतळ्यांच्या सैन्याजवळची शस्त्रे आजही चकाकतात; जे पाते चकाकते ते अस्सल’ असा संदेश कित्येक महिने फिरतो आहे. तो माझ्या मामांपर्यंत पोचला आणि त्याच्या भरवशावर ते अशाच एका पात्यासाठी विक्रेत्याला 45,000 रुपये द्यायला निघाले, तेव्हा गप्प बसणे मला शक्य राहिले नाही.

सर्वांत घातक मुद्दा क्रोमचाच आहे. 1974 साली शिआनजवळच्या लिंतोंग इथे सापडलेल्या या सैन्याच्या शस्त्रांपैकी काहींच्या पृष्ठभागावर क्रोमियम आढळले होते, एवढे खरे; त्यावरून गंजरोधक मुलाम्याचा तर्क काढला गेला आणि तो दंतकथेसारखा पसरला. 2019 साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात पुरातत्त्वज्ञ मार्कोस मार्टिनॉन-टोरेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांत चिनी संशोधकही होते, 464 शस्त्रे व शस्त्रांचे भाग तपासून त्याचे उत्तर दिले. क्रोमियम फक्त 37 नगांवर मिळाले, आणि तेही मुख्यतः मुठी, दांड्याची टोके आणि धनुष्ययंत्राचे (क्रॉसबोचे) घोडे म्हणजे चाप अशा भागांवर, जिथे एके काळी रोगण दिलेले लाकूड धातूला टेकलेले होते. पात्यांवर ते क्वचितच होते. मुलामा गंजापासून वाचवण्यासाठी दिला असता, तर कारागिराने धार सोडून मूठ का मढवली असती? क्रोमियम आले होते ते रोगणातून. उलट, उत्तम टिकलेल्या काही शस्त्रांवर क्रोमियमचा मागमूसही नव्हता.

मग शस्त्रे टिकली कशाने? कांशात कथिलाचे प्रमाण भरपूर होते, आणि तिथली माती किंचित अल्कधर्मी, बारीक कणांची व सेंद्रिय द्रव्य कमी असलेली आहे. संशोधकांनी नव्या कांशाचे तुकडे शिआनच्या आणि ब्रिटनच्या मातीत ठेवून चार महिने तीव्र उष्णता व दमटपणा दिला, तेव्हा शिआनच्या मातीतले तुकडे जवळजवळ जसेच्या तसे राहिले आणि ब्रिटिश मातीतले वाईट गंजले. हे मातीचे देणे आहे, आणि म्हणूनच अज्ञात ठिकाणाहून आलेले चकचकीत पाते पाहून मनात पहिली शंका यायला हवी. तांब्यापितळेच्या भांड्यावर कळंक कसा चढतो, हे आपल्या घरांत कोणाला सांगावे लागत नाही. तरीही हिरवा थर दिसला म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण आम्ल लावून तोही चढवता येतो.

याच संदेशात प्राचीन चीनमधल्या युए राज्याच्या गोउजियान राजाची तलवारही क्रोमच्या खात्यात टाकली आहे. 1965 साली हूबेई प्रांतात मिळालेली ही तलवार खरोखरच थक्क करणारी आहे, हे मी मान्य करतो. पण ती घट्ट बसणाऱ्या म्यानात, पाण्याने भरलेल्या थडग्यात होती.

दीडशे किलोच्या पुतळ्याखाली वाकलेली तलवार पुतळा उचलताच सरळ झाली, ही संदेशातली गोष्ट तर कथिल जास्त असलेल्या कांशाच्या ठिसूळपणाशीच विसंगत आहे. संदेशात ना मोजमाप आहे, ना उत्खननाचा संदर्भ.

विक्रेत्याने ‘कार्बन चाचणीचे प्रमाणपत्र’ दाखवले आहे. कार्बन चाचणी एके काळी सजीव असलेल्या वस्तूचे वय सांगते. कांशात तसे काहीच नसते. पात्याला चिकटलेला लाकडाचा अवशेष तपासला असेल, तर तो कुठला आणि पात्याशी त्याचा संबंध काय, हे कागदावर असायला हवे, आणि ते नाही.

‘कायदेशीर अडचण नाही’ हे विक्रेत्याचे वाक्यही बेफिकिरीचे आहे. चीनमध्ये जमिनीखाली मिळालेले पुरावशेष 1982 च्या कायद्यानुसार सरकारी मालकीचे असतात. म्हणजे मामांच्या हाती येणारे पाते बनावट असेल, तर पैसे गेले; आणि उत्खननातून नुकतेच बाहेर काढलेले अस्सल असेल, तर ती चोरी ठरते. फार पूर्वी चीनबाहेर आलेल्या जुन्या संग्रहातली वस्तू असेल, तर पूर्वीच्या मालकांची साखळी कागदोपत्री दाखवता आली पाहिजे. ती मागितल्यापासून विक्रेता मामांचे फोन उचलत नाही, आणि इसार अजून मामांच्याच खात्यात आहे.