गिअरबॉक्सच्या स्पीड सेन्सरविषयी मिळालेल्या एक-तारा अभिप्रायाला आमचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपला अभिप्राय मी दोनदा वाचला. कात्रज घाटात आपली ऑटोमॅटिक गाडी एकाच गिअरमध्ये अडकली आणि मित्राच्या स्कॅनरवर पी ०७२० हा कोड दिसला, म्हणून आपण नाना पेठेतील आमच्या दुकानातून इनपुट आणि आउटपुट (गिअरबॉक्समध्ये येणारा आणि त्यातून बाहेर पडणारा वेग मोजणारे) असे दोन्ही स्पीड सेन्सर ४,९०० रुपयांना नेले व सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः बसवले. तरीही डॅशबोर्डवरचा इशाऱ्याचा दिवा गेला नाही, उलट पी ०७१५ हा आणखी एक कोड आला. आणि भाग परत घेऊन आलात तेव्हा काउंटरवरील मुलाने ते घेण्यास नकार देत ‘व्हिडिओ बघून काम केलं की असंच होतं’ असे ऐकवले. ‘खराब माल विकतात आणि वर अक्कल शिकवतात’ या आपल्या वाक्याच्या दोन भागांना मी वेगवेगळे उत्तर देतो.

अक्कल शिकवण्याबद्दल मी विनाअट माफी मागतो. काही गाड्यांत हे सेन्सर गिअरबॉक्सच्या आत असतात आणि त्यांच्यासाठी ऑइल पॅन उतरवावा लागतो, ते काम घरी करू नये हे खरे. पण आपल्या गाडीत ते बाहेरून, प्रत्येकी एका बोल्टवर बसतात. आमचे कितीतरी ग्राहक ते घरीच बदलतात. शिवाय चूक काउंटरवरच झाली होती. पी ०७२० हा कोड फक्त आउटपुट सेन्सरच्या सर्किटचा आहे, इनपुट सेन्सरविषयी तो काहीच सांगत नाही. दोन्ही मागणाऱ्या ग्राहकाला ‘कोड कोणता आला?’ एवढे विचारणे आमचे काम होते, ते झाले नाही. बसवलेला इलेक्ट्रिकल भाग परत घेतला जात नाही ही सूचनाही, पाट्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या शहरात, आमच्याकडे एका कॅलेंडरमागे झाकलेली होती. कॅलेंडर आता हलवले आहे.

‘खराब माल’ हे मात्र मला मान्य नाही, आणि त्याचे कारण आपणच जोडलेल्या छायाचित्रांत आहे. कोड ‘सेन्सर बिघडला’ असे सांगत नाही; त्या सर्किटमधून अपेक्षित संकेत नीट येत नाही, एवढेच तो सांगतो. सर्किट म्हणजे सेन्सर, कनेक्टर, तिथून टीसीएमपर्यंत, म्हणजे गिअरबॉक्स चालवणाऱ्या संगणकापर्यंत, जाणाऱ्या तारा आणि स्वतः टीसीएम. नवा सेन्सर बसवूनही तोच कोड जसाच्या तसा राहतो, तेव्हा अनुभवी फिटर आधी तारांकडे पाहतो. आपल्या दुसऱ्या छायाचित्रात आउटपुट सेन्सरकडे जाणारी वायर क्लिपपाशी सोललेली दिसते. पुण्यातल्या पार्किंगमध्ये हे बहुधा उंदराचे काम असते. तिसऱ्या छायाचित्रात इनपुटच्या कनेक्टरमधील एक पिन दुसरीपेक्षा आत गेलेली आहे. कनेक्टर जोर लावून बसवला की पिन मागे सरकते, वरून सगळे घट्ट वाटते, आणि आधी नसलेला पी ०७१५ हा इनपुट सर्किटचा कोड उगवतो.

आपण आलात त्या दिवशी मुलाने दोन्ही सेन्सर मल्टीमीटरने तपासले होते आणि रोध (रेझिस्टन्स) कंपनीने दिलेल्या मर्यादेत होता. पण तेवढ्यावरून सेन्सर निर्दोष ठरत नाही, हेही मला कबूल केले पाहिजे. आपले सेन्सर दोन तारांचे, चुंबकीय आहेत; आतली कॉइल थंड असताना ठीक आणि तापल्यावर तुटक, असे होऊ शकते. म्हणून एक सोपी परीक्षा सुचवतो. जुना इनपुट सेन्सर फेकला नसेल, तर कनेक्टर दुरुस्त न करता, म्हणजे ती पिन आहे तशीच ठेवून, तो पुन्हा बसवा, कोड पुसा आणि गाडी थोडी चालवा. पी ०७१५ परतला नाही, तर आमचा नवा सेन्सर सदोष आहे असे मी मानीन. परतला, तर दोष पिनेत किंवा तारेत आहे. आउटपुटसाठी बॅटरीची निगेटिव्ह तार काढून, सेन्सर जोडलेला ठेवून टीसीएमच्या टोकाकडून रोध मोजा आणि ती सोललेली वायर हलवून पाहा; आकडा नाचला की तार सापडली.

गाडी एकाच गिअरमध्ये का अडकली, हेही आपण विचारले आहे. टीसीएम दोन्ही सेन्सरचे वेग सतत ताडून पाहतो. पहिल्या गिअरचे गुणोत्तर २.८ असेल आणि आउटपुट शाफ्ट मिनिटाला १,००० फेरे घेत असेल, तर इनपुटचे २,८०० भरले पाहिजेत. एक आकडा नाहीसा झाला की हिशेब जुळत नाही आणि टीसीएम गिअरबॉक्स वाचवण्यासाठी एकच सुरक्षित गिअर धरून ठेवतो. वायर दुरुस्त झाल्यावर पी ०७३१ सारखा गुणोत्तराचा कोड आला, तर कृपया आमच्याकडून तिसरा सेन्सर नेऊ नका. दोन्ही सेन्सर खरे बोलत असूनही आतला क्लच घसरत असेल तर हिशेब असाच चुकतो.

पहिल्या छायाचित्राविषयी एक शब्द, जरी तो आपल्या तक्रारीत नाही. गाडी नुसत्या जॅकवर आहे आणि आपले खांदे तिच्याखाली आहेत. पुढच्या वेळी दोन स्टँड लावा. नसतील तर आमच्याकडून एका दिवसासाठी घेऊन जा, भाडे लागणार नाही.

इनपुट सेन्सरचे २,३०० रुपये मी परत करीन, कारण तो विकायलाच नको होता. बसवलेला आहे, तरीही. आउटपुट सेन्सरचे पैसे सध्या देणार नाही. गाडी आणलीत तर तपासणीचे ५०० रुपये लागतील, ते फिटरच्या वेळेचे आहेत. तपासणीत आमचा कोणताही सेन्सर सदोष निघाला, तर त्याची पूर्ण किंमत मिळेल आणि ५०० रुपयेही घेतले जाणार नाहीत. येताना बिल आणि दोन्ही जुने सेन्सर सोबत आणावेत, आणि काउंटरवर न थांबता थेट मला विचारावे.

आपला नम्र,
दुकानाचा मालक