मामाजींच्या कानाशी ओरडू नका

"लकव्यात वाचा गेली की कानही जातात, समजही जाते. शहरात डोक्याला तारा लावून रोग्याच्या मनातलं वाचतात. सहा महिन्यांत बोलला नाही तर आशा सोडा." आमच्या दारव्ह्याकडच्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतोय.

कान जातात म्हणे! ऐन कापूसवेचणीत मामाजींना लकवा मारला. उजवा हात लुळा, वाचा बंद. भेटायला येणारा जो तो खाटेवर वाकून ओरडायचा, "मामाजी, मले ओयखलं का?" मामाजी आठ्या घालून तोंड फिरवायचे. गोठ्यात घुंगरू वाजलं की मात्र मान लगेच तिकडे. वाचाघात, म्हणजे अफेजिया, हा बहुतेकदा मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा तुटल्यानं होतो. कानाचा त्यात दोष नाही. मोठ्यानं नको, सावकाश आणि थोडक्यात बोला.

समजेचं एवढं सोपं नाही. काहींना खरंच शब्द कळत नाहीत, पण किती आणि कुठवर कळतं, ते तोंडाकडे बघून ठरत नाही. म्हणून संशोधक डोक्याला इलेक्ट्रोड लावून "बा, बा, बा" ऐकवतात आणि मध्येच एखादा "दा" टाकतात. बदल टिपला तर साधारण दीडशे ते अडीचशे मिलिसेकंदांत मेंदूची वेगळी लहर उमटते. रोग्यानं बोलायला नको, लक्षही द्यायला नको. फिनलंडच्या नाटानेन यांनी १९७८ साली हा प्रतिसाद मांडला. काही रोग्यांचा मेंदू शिट्टीच्या सुरातला फरक पकडतो, बा-दाचा नाही. "बैलानं खिडकी खाल्ली" असं अर्थाला न जुळणारं काही ऐकलं की चारशे मिलिसेकंदांच्या आसपास दुसरी एक लहर येते. समज फार बिघडलेल्यांत ती बारीक होते किंवा उशिरा येते. (बेरा टेस्ट वेगळी, ती आवाज कानातून मेंदूच्या देठापर्यंत पोचतो का एवढंच बघते. ती नॉर्मल आली म्हणून शब्द कळतात, असं नाही.)

मन वाचणं? या लहरी व्होल्टच्या दहा लाखाव्या भागांत मोजायच्या. शेकडो वेळा आवाज ऐकवून सरासरी काढावी तेव्हा कुठे दिसतात. विचार त्यात सापडत नाही. शिवाय हे मुख्यतः संशोधनातलं काम आहे, त्यासाठी कोणी वावर गहाण टाकू नये.

राहिले सहा महिने. सुरुवातीला सुधारणा झपाट्यानं होते हे खरं, पण स्पीच थेरपीनं नंतरही होते. मामाजी दीड वर्षानं "पाणी" म्हणाले. शिवी तर पहिल्याच आठवड्यात आली होती. ती बऱ्याचदा शाबूत राहते, मामींना विचारा.